पाव इंचाला एक फूट

माझ्या छोट्या, प्रतिकृतीच्या रेल्वेवर इंजिन एकच आहे आणि तेही विकतचं. अमेरिकन बनावटीचं, पाठीवर घंटा आणि पुढे गुरं बाजूला सारायची जाळी असलेलं. दोन्ही काढून टाकली, चिमणी बदलली, वर काळा रंग मारला, झालं. डबे तेवढे सगळे घरी केलेले आहेत. पण घरी आलेला माणूस आधी इंजिनाकडे वाकतो, ‘धूर निघतो का हो?’ विचारतो आणि चहा आला की उठतो. डब्यांकडे कोणी ढुंकून बघत नाही.

याचं मी फारसं मनावर घेत नाही, कारण खऱ्या रेल्वेच्या बाबतीतही हेच होत आलंय. जुन्या इंजिनांचे फोटो ढिगाने मिळतात. कुठल्या कारखान्यात बांधलं, कोणत्या साली, चाकांची रचना काय, सगळं. डबा मात्र फोटोत असलाच तर इंजिनाच्या मागे, निम्मा कापलेला. इंजिन निवृत्त झालं की त्याला रंग देऊन स्टेशनासमोर चौथऱ्यावर चढवतात. डबा निवृत्त झाला की भंगारात जातो, नाहीतर कुठल्यातरी यार्डाच्या कडेला कोठीची खोली होऊन बसतो. लोक बसले डब्यात, लग्नाची वऱ्हाडं गेली डब्यातून, आणि पूजा इंजिनाची.

मी जी रेल्वे उभी करतोय ती बार्शी लाईट. सोलापूर, धाराशिव, लातूर, सांगली या पट्ट्यातल्या पन्नाशीपुढच्या कोणालाही हे नाव सांगायची गरज नाही. बाकीच्यांसाठी थोडक्यात: मुंबईहून सोलापूरकडे जाणारा मोठा रूळमार्ग बार्शीला बगल देऊन गेला होता. बार्शी तेव्हा कापसाची आणि धान्याची मोठी पेठ, आणि सगळा माल बैलगाड्यांनी स्टेशनापर्यंत न्यायचा. ते स्टेशन म्हणजे बार्शी रोड, आजची कुर्डुवाडी. एव्हरार्ड कॅलथ्रॉप नावाचा इंग्रज अभियंता १८८२ मध्ये ग्रेट इंडियन पेनिन्सुला (जीआयपी) रेल्वेत नोकरीला आला आणि या मधल्या पट्ट्यात स्वस्तातली छोटी रेल्वे घालायची या कल्पनेने त्याला पछाडलं. नोकरी सोडून, लंडनमध्ये कंपनी काढून, शेवटी मार्च १८९७ मध्ये त्याने बार्शी रोड ते बार्शी गाडी सुरू केलीच. पुढे एका अंगाला १९११ मध्ये लातूरपर्यंत, दुसऱ्या अंगाला १९०६ मध्ये पंढरपूर आणि १९२७ मध्ये मिरज असा ३२५ किलोमीटरचा पसारा झाला. १९५४ मध्ये सरकारने ती विकत घेतली. आता सगळीकडे मोठे रूळ पडलेत. (हाच कॅलथ्रॉप पुढे विमानातून उडी मारायच्या पॅराशूटच्या मागे लागला आणि त्याला ‘गार्डियन एंजल’ असं नाव दिलं. माणूस एका गोष्टीवर थांबणारा नव्हता.)

पण मला कॅलथ्रॉप आवडतो तो वेगळ्याच कारणासाठी. त्याच्या सगळ्या खटाटोपाच्या मुळाशी एक हिशेब आहे, आणि तो हिशेब डब्यांना इंजिनाच्या बरोबरीने बसवतो. त्याचं म्हणणं असं: रूळ जड का लागतो? तर गाडीतलं सर्वांत जड चाक पेलायचं असतं म्हणून. ते बहुतेक वेळा इंजिनाचं. म्हणजे एका इंजिनापायी मैलोन्मैल लोखंड जास्त घालायचं. त्याऐवजी इंजिन असो, माणसांचा डबा असो की मालाची वाघीण, कुठल्याही आसावर पाच टनांपेक्षा जास्त भार येऊच द्यायचा नाही असं ठरवलं, तर दर यार्डाला, म्हणजे तीन फुटांना, तीस पौंडांचा रूळ पुरतो. आजच्या मापात मीटरला साधारण १५ किलो. हल्लीच्या मोठ्या मार्गावर मीटरला ६० किलोचा रूळ असतो, त्याच्या पाव. मग इंजिनाचं वजन पसरायला त्याने चाकं वाढवली; लीड्सच्या किटसन कारखान्याने बांधलेल्या त्याच्या पहिल्या इंजिनांना आठ चाकं ओढायला आणि मागे चार नुसती भार वाहायला. आणि वाघिणींच्या सांगाड्याला जाड तुळयांऐवजी दाबून घडवलेला पोलादी पत्रा वापरला, म्हणजे स्वतःचं वजन कमी आणि मालाचं जास्त. हे सगळं खरंच चालतं हे दाखवायला लीड्सजवळ न्यूले इथे तात्पुरते रूळ टाकून त्याने जाणत्या मंडळींपुढे गाडी पळवून दाखवली होती.

एकदा हे डोक्यात बसलं की डबा हे इंजिनाचं शेपूट राहत नाही. या रेल्वेत सगळे एकाच मापाने तोललेले आहेत.

आता प्रतिकृतीचं माप. बार्शी लाईटचा गेज, म्हणजे दोन रुळांमधलं अंतर, अडीच फूट, म्हणजे ७६२ मिलिमीटर. आपल्याकडे छंदाच्या दुकानात सहज मिळतो तो १६.५ मिलिमीटरचा रूळ. एकास अठ्ठेचाळीस प्रमाण धरलं तर हा रूळ ७९२ मिलिमीटरचा होतो, म्हणजे खऱ्यापेक्षा ३० मिलिमीटर रुंद. प्रतिकृतीत हा फरक पाऊण मिलिमीटरही भरत नाही. अमेरिकेत अडीच फुटी रेल्वे करणारे बरेच लोक याच मापाने जातात. एकास सत्त्याऐंशी धरून ९ मिलिमीटरच्या रुळावर गेलो असतो तर गेज आणखी जवळ आला असता आणि निम्म्या जागेत भागलं असतं, पण त्या मापात खिडकीचे गज दाखवायचे म्हणजे डोळ्यांना शिक्षा. शिवाय अठ्ठेचाळीसचं एक सुख आहे: पाव इंचाला एक फूट. सुताराची पोलादी पट्टी घ्यायची आणि सरळ वाचत सुटायचं. चाळीस फुटांचा डबा दहा इंच. अठरा इंच उंचीचं बाक तीन अष्टमांश. साडेपाच फुटांचा माणूस एक पूर्णांक तीन अष्टमांश. शाळेत ज्या अपूर्णांकांनी जीव नको केला होता ते या वयात असे कामाला आले.

डबा बघताना लोकांना ‘काहीतरी गोड’ वाटतं आणि का ते सांगता येत नाही, त्याचं उत्तरही मापातच आहे. मोठ्या मार्गावरचा डबा रुळांच्या रुंदीच्या दुपटीलाही पोचत नाही; गेज साडेपाच फूट आणि डबा पावणेअकराच्या आत. अडीच फुटी रुळावरचा डबा मात्र साडेसात फुटांच्या आसपास असतो. तिप्पट. म्हणजे दोन्ही बाजूंनी अडीच-अडीच फूट डबा रुळाबाहेर लोंबकळतोय. समोरून बघितलं की लहान पावलांवर उभी असलेली भरल्या अंगाची बाई दिसते. हौशी मंडळी इथेच कच खातात. इतका रुंद डबा इतक्या बारीक रुळावर बरा दिसणार नाही असं वाटून ते रुंदी चोरतात, आणि मग गाडी बागेतल्या खेळण्यासारखी दिसायला लागते. माथेरानच्या गाडीच्या प्रतिकृतींत तर हे फार बघितलंय. रुंदी चोरू नये. तो बेढबपणाच खरा आहे.

बांधणीला मी पुठ्ठा वापरतो. प्लास्टिकची पांढरी शीट हल्ली मिळते, तीन मितींची छपाई करून देणारेही गल्लोगल्ली झालेत, आणि त्यांची कामं खरोखर सुबक असतात. पण चांगल्या प्रतीचा माउंट बोर्ड घेऊन त्याला दोन्ही बाजूंनी चपडा लाखेचे दोन हात दिले, ती फ्रेंच पॉलिशवाले स्पिरिटमध्ये विरघळवतात तीच लाख, की तो पुठ्ठा राहत नाही. कापताना कडा फुटत नाही, दमट हवेत फुगत नाही, कानस लावली तरी लोकर निघत नाही. विलायतेत जुने लोक शंभर वर्षं असेच डबे करत आलेत. मला त्यात आणखी एक गंमत वाटते की लाख आपली, इथून तिकडे गेलेली.

खिडक्या कापणं हे या कामातलं खरं तप. एका बाजूला सगळ्या खिडक्या सारख्या, एका ओळीत, आणि डोळा असा दुष्ट की अर्ध्या मिलिमीटरची चूकही लांबून पकडतो. जुन्या डब्यांच्या खिडक्यांचे कोपरे गोलसर. पात्याने गोल कोपरा कापायला गेलं की हमखास वेडावाकडा येतो. म्हणून आधी कोपरे. चामड्याला भोकं पाडायचा पंच असतो, त्याचं दोन मिलिमीटरचं तोंड लावून प्रत्येक खिडकीच्या चारही कोपऱ्यांत भोक पाडायचं. मग ११ नंबरचं सर्जिकल पातं घेऊन, जे कुठल्याही मेडिकलमध्ये मिळतं आणि जे मागितल्यावर दुकानदार एकदा निरखून बघतो, भोकाच्या कडेपासून भोकाच्या कडेपर्यंत सरळ रेघ मारायची. दाबायचं नाही. पहिली रेघ नुसती वाट दाखवायला, दुसरी वाट रुंद करायला, तिसरी-चौथीला तुकडा आपोआप खाली पडतो. जोर लावला की पातं पट्टीपासून पळतं. दोन-तीन खिडक्यांनंतर नवं पातं. पात्यावर काटकसर करणाऱ्याने या वाटेला जाऊ नये.

गजांची अडचण वेगळी. आपल्या डब्याची खिडकी आडव्या गजांवाचून पुरी होत नाही. विलायती तयार डबा आणून त्याला लाल रंग देऊन लोक भारतीय म्हणून चालवतात, पण गज नसलेली खिडकी बघितली की माझं मन तिथेच उठतं. गज साधारण अर्ध्या इंचाचा. अठ्ठेचाळिसाने भागलं की इंचाचा शंभरावा भाग. गिटारची पहिली, सर्वांत बारीक तार साधारण तितकीच असते. एका पाकिटात दोन डब्यांचे गज निघतात. पोलादी असल्याने ती ताठ राहते, वाकत नाही, फक्त तोडताना टोक उडून डोळ्याकडे येतं, तेव्हा चष्मा हवाच.

आणि मग झडपा. खिडकीला आत काच आणि फटींची लाकडी झडप. प्रवासी आपल्या मर्जीने काय हवं ते वर-खाली करणार. पुष्कळ दिवस मी बघत होतो की चांगल्या-चांगल्या प्रतिकृतींतले डबे मेल्यासारखे का दिसतात, आणि मग लक्षात आलं की सगळ्या खिडक्या सारख्याच उघड्या असतात. खऱ्या गाडीत असं कधीच नसतं. कोणीतरी ऊन येतंय म्हणून झडप पाडलेली असते, कोणाची अर्ध्यात अडकलेली असते, कोणा मुलाने हट्टाने उघडी ठेवायला लावलेली असते. पण मन मानेल तशा झडपा पाडूनही चालत नाही. कुर्डुवाडीहून पंढरपूर दक्षिणेला आहे. सकाळची गाडी दक्षिणेकडे निघाली की ऊन डावीकडून, पूर्वेकडून येणार. म्हणजे डाव्या बाजूच्या बहुतेक झडपा खाली आणि उजव्या बाजूच्या वर. संध्याकाळी तीच गाडी उलटी फिरली की सूर्य पश्चिमेला, म्हणजे आता दुसऱ्या बाजूच्या झडपा पाडायला हव्यात. हलत्या झडपा करणं माझ्या आवाक्यातलं नाही. म्हणून माझ्या लेआउटवर, म्हणजे या मांडलेल्या रेल्वेवर, कायम सकाळ आहे. सकाळचे साडेआठ-नऊ, उन्हाळा. स्टेशनावरच्या सावल्याही मी त्याच हिशेबाने दिवे लावून पाडतो, आणि परतीची गाडी पाहुण्यांपुढे चालवत नाही.

वजनाचा मामला सर्वांत विचित्र. कॅलथ्रॉपने आयुष्य घालवलं ते डब्यातलं वजन काढण्यात, आणि मी डब्यात वजन भरत बसतो. याला कारण आहे. लांबी अठ्ठेचाळीस पटीने कमी झाली तर वजन अठ्ठेचाळीसचा घन, म्हणजे १,१०,५९२ पटीने कमी होतं. बारा टनांचा डबा धरला तर प्रतिकृतीचं वजन जेमतेम ११० ग्रॅम यायला हवं. हिशेबाने बरोबर, पण असा डबा रुळावर ठरत नाही. आपण वळणं फार अवघड ठेवतो हे त्याचं मूळ. घरातल्या टेबलावर दोन फूट त्रिज्येचं वळण म्हणजे चैन, आणि खऱ्या मापात ते ९६ फूट झालं. इतक्या आखूड वळणावर दहा इंची डब्यांची रांग ओढली की मधला हलका डबा आत खेचला जाऊन आडवा पडतो. अमेरिकेत नॅशनल मॉडेल रेलरोड असोसिएशन म्हणून १९३५ पासूनची संघटना आहे, तिने मापागणिक वजनाची शिफारस करून ठेवली आहे. माझ्या मापाच्या जवळच्या अरुंद गेजला दीड औंस, अधिक डब्याच्या लांबीला इंचामागे पाऊण औंस. दहा इंची डब्याला नऊ औंस झाले. अडीचशे ग्रॅम. म्हणजे हिशेबाच्या दुपटीहून जास्त.

हे वजन मी टायरवाल्याकडून आणतो. गाडीचं चाक बॅलन्स करताना रिमला चिकटवतात त्या शिशाच्या चपट्या वड्या. जुन्या काढलेल्या त्याच्याकडे डबाभर पडलेल्या असतात. फरशीच्या खाली, डब्याखालच्या दोन चारचाकी गाड्यांच्या मधे, शक्य तितक्या खालच्या बाजूला चिकटवायच्या. वर टपाकडे एक ग्रॅमही जाऊ द्यायचा नाही, कारण मघाची ती तिपटीची रुंदी इथे सूड उगवते. आणि या चारचाकी गाड्यांपैकी, ज्यांना कारखान्यातले लोक बोगी म्हणतात, एकाला फक्त पुढे-मागे डुलू द्यायचं आणि दुसऱ्याला चहूकडे. तीन पायांचं स्टूल कसं कुठेही डगमगत नाही, तसा डबा तीन जागी टेकतो आणि रुळाचा सांधा खालीवर असला तरी आठही चाकं जमिनीवर राहतात. दोन्ही बोगी मोकळ्या सोडल्या की डबा बोटीसारखा हेलकावतो, दोन्ही घट्ट केल्या की एक चाक कायम हवेत.

रंगाच्या बाबतीत मात्र मला मामांना शरण जावं लागलं. मामा म्हणजे आईचे मावसभाऊ, बार्शीचे. साठच्या दशकात त्यांनी या गाडीने पुष्कळ ये-जा केलेली. म्हटलं, यांच्यासारखा साक्षीदार कुठे मिळणार. डबा समोर ठेवला. त्यांनी चष्मा कपाळावर चढवून डोळा जवळजवळ खिडकीला लावला आणि आधी आतलंच काढलं, “बाकं अशी आडवी का टाकलीस रे? आमच्या वेळी भिंतीला लागून लांबलचक असायची. समोरासमोर बसायचं. मधे गाठोडी.”

“सगळ्याच डब्यांत का मामा?”

“सगळ्यांचं मला काय माहीत. मी बसायचो त्यात.”

एवढं प्रामाणिक उत्तर मला कुठल्या पुस्तकात मिळालं नव्हतं. मी एका डब्याची बाकं काढून भिंतीला लावली, बाकीची राहू दिली. रंगाबद्दल ते म्हणाले लाल. मामी आतून म्हणाल्या, लाल कुठला, चॉकलेटी. त्यावर दोघांचं चांगलं वाजलं. खरं तर दोघंही बरोबर असावेत. तो रेल्वेचा गडद तांबूस लाल उन्हात सहा महिन्यांत उडतो, पावसाळ्यात काळवंडतो आणि धुतला की पुन्हा वेगळाच दिसतो. शिवाय लहान वस्तूवर रंग मुळापेक्षा गडद दिसतो, कारण दहा इंची डबा आपण हातभर अंतरावरून बघतो आणि तरी मनात तो शंभर फुटांवरचा धरतो, आणि शंभर फुटांवर मधली हवा रंग फिका करते. म्हणून रंगाच्या डबीतून काढलेला रंग जसाच्या तसा लावायचा नाही. थोडा पांढरा, थोडा मातकट मिसळायचा. मी मामींच्या बाजूला किंचित झुकलो, पण हे मामांना सांगितलेलं नाही.

मळवणं ही वेगळीच कला. इंजिनावर काजळी मारणं सोपं असतं. डब्याचा मळ माणसांनी केलेला असतो. दारालगतच्या दांड्याला रोज इतके हात लागतात की तिथला रंग जाऊन लोखंड चकाकतं. तिथे टूबी पेन्सिलीचं टोक नुसतं घासलं की बरोबर तशी झळाळी येते. पायरीच्या मध्यावर तेच. खिडकीखाली पान खाऊन थुंकल्याचे ओघळ असतात, तेही दाखवावे लागतात, इथे सोवळं नेसून चालत नाही. काळ्या रानातून गाडी जाते म्हणून खालच्या हातभर पट्ट्यावर करडी धूळ, टपावर धुराचा राखाडी थर. दारावर तिसऱ्या वर्गाची तीन उभ्या रेघांची खूण. ही खूण गाडीचं वय सांगते. १९७४ मध्ये तिसरा वर्गच बंद झाला, त्यामुळे माझी सकाळ त्याच्या आधीची आहे हे जाणकाराला न सांगता कळतं.

इंग्लंडात स्टॅफोर्डशरमध्ये लीक अँड मॅनिफोल्ड नावाची एक रेल्वे होती. याच कॅलथ्रॉपने बार्शीच्या धर्तीवर, याच गेजची, १९०४ मध्ये चालू केलेली. टोकांना नक्षीदार लोखंडी कठडे असलेले चारच बोगी डबे, तेही फिक्या पिवळ्या रंगाचे. तीस वर्षांत, १९३४ ला, बंदही पडली. पण तिचे डबे, इंजिनं, दुधाच्या वाघिणी यांच्या प्रतिकृती करणारे तिकडे अजून आहेत, त्यांचे तयार संचही मिळत आलेत. आपली बार्शी लाईट तिच्याआधी सुरू झाली, किती तरी पटीने लांब होती, आणि शंभर वर्षांवर चालली. तिचा एक संच कुठे मिळेल तर शपथ. पुण्यात कोथरूडला जोशींचं छोट्या रेल्वेचं संग्रहालय आहे, तिथे गर्दी होते, मुलं हरखतात, म्हणजे आपल्या लोकांना आवड नाही असं मुळीच नाही. पण आपल्याच गावावरून गेलेली गाडी करायची म्हटलं की मापं मिळत नाहीत, आराखडे मिळत नाहीत, आणि डबे तर, मघा म्हटलं तसे, कोठीच्या खोल्या झालेले. एका अशाच खोलीची मापं आम्ही टेप लावून घेतली तेव्हा आत सिमेंटची पोती होती आणि पहारेकरी म्हणत होता, “साहेब, इंजिन तिकडं हाय, फोटू तिकडं काढा.”

आता उरलंय ते पंढरपूरचं काम. वारीची गाडी केल्याशिवाय ही रेल्वे पुरी होणार नाही हे मला सुरुवातीपासून कळत होतं आणि मी ते टाळत होतो. आषाढीला डबे पुरायचे नाहीत. जुन्या काळी यात्रेकरूंना मालाच्या बंद वाघिणींत बसवून नेत, सगळ्या देशभरच्या यात्रांना हीच रीत होती, आणि त्यावर तेव्हाही भरपूर टीका होत असे. मामांच्या वडिलांनी असा प्रवास केलेला. तर वारीची गाडी म्हणजे दोन-तीन डबे आणि बाकी वाघिणी, दारं सताड उघडी.

इथे मी पुन्हा कॅलथ्रॉपचा हिशेब मांडून बघितला. चार आसांची वाघीण, आसामागे पाच टन, म्हणजे भरून वीस टन. तिचं स्वतःचं वजन वजा जाता चौदा-पंधरा टन मालाला उरतात. साठ किलोचा एक माणूस धरला तर वजनाच्या हिशेबाने त्यात अडीचशे वारकरी मावतील. जागेच्या हिशेबाने दाटीवाटीने पन्नास-साठ. म्हणजे माणसं कितीही कोंबली तरी रुळाला त्याची गंधवार्ता नाही. त्याच्या लेखी वाघीण पाऊणहून जास्त रिकामीच आहे. रुळाच्या बाजूने बघितलं तर कापूस जड आणि माणूस हलका. कागदावर हे निर्दोष आहे, आणि म्हणूनच बघून जरा बरं वाटत नाही.

प्रतिकृतीत गंमत उलटी झाली. वाघिणीलाही वजन हवंच आहे, आणि उघड्या दारातून आत सगळं दिसत असल्याने शिशाच्या वड्या लपवायला जागा नाही. म्हणून माणसंच जड करायची ठरवली. तांब्याच्या तारेचा सांगाडा आणि वर एम-सील. नळाची गळती बंद करायचं हे लुकण पस्तीस मिलिमीटरच्या माणसासाठी छान चालतं: दहा-पंधरा मिनिटं मऊ राहतं, ओल्या सुईने धोतराच्या निऱ्या काढता येतात, वाळलं की दगड. एक माणूस दोन-अडीच ग्रॅमचा भरतो. पन्नास माणसं दाटीने उभी केली की वाघिणीला लागणारं जवळजवळ सगळं वजन त्यांचंच होतं. दारात पाय सोडून बसलेले दोघे, पताका आडवी धरलेला एक, कारण उभी धरली तर टपाला लागते, आणि डोक्यावरचं तुळशीवृंदावन आता मांडीवर घेऊन बसलेली एक म्हातारी. तिचा चेहरा मी तीनदा मोडून केला असेन, अजून पसंत नाही.

टाळांचं जमलं. चार इंचांचा टाळ या मापात दोन मिलिमीटरचा होतो. पितळेचा पातळ पत्रा घेऊन त्यावर खिडक्यांच्या कोपऱ्यांचा तोच पंच ठोकला की टिकल्या गळतात. बॉलपेनच्या बोथट टोकाने मधे दाबलं की खोलगट होतात. फक्त पुठ्ठ्याचा पंच पितळेवर बोथट होतो, तेव्हा दुसरा आणून ठेवावा.